गिअर, बिनगिअर आणि वीज : दुचाकीच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : वसमत परिसर, जि. हिंगोली)

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने निजामी राजवट, हैदराबाद मुक्तिसंग्राम, संयुक्त महाराष्ट्रातील विलीनीकरण, दुष्काळ आणि सहकार या विषयांभोवती झाले आहे. हे विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु गेल्या अर्धशतकात या भागातील सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनात ज्या वस्तूने मोठा बदल घडवून आणला, त्या दुचाकी वाहनाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. दुचाकीचा विचार झालाच तर तो उद्योगाच्या किंवा बाजारपेठेच्या अंगाने होतो. वाहन घेणाऱ्याने कोणते वाहन का निवडले, हा प्रश्न दुय्यम मानला जातो.

दुचाकी घेताना ग्राहकापुढे जे पर्याय असतात त्यांत रंग, किंमत व मायलेज यांच्याइतकाच महत्त्वाचा पर्याय म्हणजे गिअरची पद्धत. हाताने किंवा पायाने गिअर बदलावयाची गाडी घ्यावी, आपोआप गती जुळवून घेणारी बिनगिअरची घ्यावी, की विजेवर चालणारी घ्यावी, हा प्रश्न आज वसमतच्या बाजारपेठेत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे असतो. वरकरणी तो तांत्रिक वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र जमीन, रस्ता, ओझे, पेहराव, कायदा आणि घरातील कोणी वाहन चालवावयाचे यासंबंधीची समजूत असते. प्रस्तुत शोधनिबंधात या निवडीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) दुचाकीतील गिअर पद्धतींच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
२) महाराष्ट्रातील दुचाकी उद्योगाने या पद्धती ग्राहकांपर्यंत कशा पोहोचविल्या ते पाहणे.
३) वसमतसारख्या कृषिप्रधान तालुक्यात गिअरची निवड कोणत्या सामाजिक व भौगोलिक घटकांवर अवलंबून राहिली याचा शोध घेणे.

संशोधन पद्धती व मर्यादा

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. मोटार वाहन कायद्यातील तरतुदी, उद्योगसंस्थांचा प्रकाशित इतिहास आणि परिसराचे प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला आहे. विक्रीच्या आकडेवारीचे विश्लेषण हा या निबंधाचा विषय नाही.

वसमत परिसर : भूमी आणि वाहतूक

वसमत हा तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला व वसमत त्यात समाविष्ट झाले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात रेल्वे खात्यानेच १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक मोटार वाहतूक सुरू केली होती. तरीही खेड्यापाड्यांत बैलगाडी आणि पायवाट हीच वाहतुकीची खरी साधने दीर्घकाळ राहिली.

या परिसराची काळी माती हा प्रस्तुत विषयातील एक महत्त्वाचा घटक आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये भरून बसते. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांमुळे पूर्णा खोऱ्यात सिंचन वाढले, ऊस व हळद या पिकांना बळ मिळाले, पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बागायतीमुळे शेतकऱ्याच्या फेऱ्या वाढल्या. मोटारपंपाचा स्टार्टर दुरुस्तीला नेणे, खताचे पोते आणणे, वैरण वाहणे, दूध घालणे, नांदेड किंवा परभणीला कामासाठी जाणे, अशी कामे रोजचीच झाली. या फेऱ्यांसाठी बैलगाडी संथ आणि ट्रॅक्टर खर्चिक ठरत असे. दुचाकीची गरज या मधल्या जागेतून निर्माण झाली.

गिअर म्हणजे काय : तीन पद्धती

पेट्रोल इंजिनाची ताकद एका ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यातच चांगली मिळते. गाडी जागेवरून उठताना किंवा चढ चढताना चाकाला जोर अधिक लागतो व वेग कमी असतो. सपाट रस्त्यावर याच्या उलट स्थिती असते. इंजिन आणि चाक यांच्यातील हे नाते बदलण्याचे काम गिअर करतो. बैलगाडीला ही अडचण नसते, कारण बैल चढावर आपला जोर स्वतःच वाढवितो. इंजिनाला हे शहाणपण नसल्यामुळे ते कोणीतरी पुरवावे लागते. चालकाने पुरविले तर ती हस्तचलित पद्धत होय. यंत्रानेच पुरविले तर ती स्वयंचलित पद्धत होय.

स्वयंचलित पद्धतीतही भेद आहेत. पहिल्या प्रकारात फक्त क्लच आपोआप काम करतो. फेऱ्या वाढल्या की केंद्रापासून बाहेर फेकले जाणारे वजन क्लच जोडते. लुनासारख्या मोपेडमध्ये हीच व्यवस्था होती, व गिअरचे प्रमाण एकच असे. दुसऱ्या प्रकारात दोन कप्प्या व एक पट्टा असतो. कप्प्यांची रुंदी फेऱ्यांनुसार कमी-अधिक होते आणि प्रमाण सतत बदलत राहते. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये ही पद्धत मोटारगाडीत प्रत्यक्षात आणली. आजच्या बहुतेक बिनगिअर स्कूटरमध्ये हेच तत्त्व आहे. बोलीत तिला 'बिनगिअरची' म्हणतात. प्रत्यक्षात मात्र तिच्यात असंख्य गिअर असतात, केवळ चालकाच्या हाती काही नसते.

तिसरा शब्द 'विद्युत' हा अधिक फसवा आहे. बटणाने गाडी सुरू होणे, बटणाने गिअर पडणे आणि विजेच्या मोटारीने गाडी चालणे, या तीन भिन्न गोष्टींसाठी तो वापरला जातो. बटणाने गिअर पडण्याचे ठळक उदाहरण शेतात व डोंगराळ भागात वापरल्या जाणाऱ्या चारचाकी एटीव्ही वाहनांत सापडते. होंडाने १९७० मध्ये फुगीर टायरांचे तीनचाकी वाहन बाजारात आणले. त्यात आपोआप जोडला जाणारा क्लच होता, मात्र गिअर चालकाने बदलावयाचे असत. बर्फावरील वाहने बनविणाऱ्या अमेरिकेतील पोलॅरिस कंपनीने १९८५ पासून पट्ट्याची पद्धत एटीव्हीमध्ये आणली. पुढे १९९८ मध्ये होंडाने गिअरपेटी तशीच ठेवून गिअर बदलण्याचे काम डाव्या मुठीजवळील बटणांवर सोपविले. पायात जाड बूट असणाऱ्या व एका हाताने कुंपणाचे फाटक उघडणाऱ्या शेतकऱ्याला ही सोय उपयोगी होती. म्हणजे एकाच दशकात एकाच कामासाठी तिन्ही पद्धती शेजारी शेजारी विकल्या जात होत्या. नवी पद्धत आली म्हणून जुनी बाद झाली असे घडले नाही, ही बाब आपल्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

भारतात एटीव्ही हे वाहन शेतीत रुजले नाही. २०१९ मध्ये पोलॅरिसने आपले एक एटीव्ही रस्त्यावर चालविण्याची मान्यता मिळवून विक्रीस आणले, तेही ट्रॅक्टरच्या वर्गात. आपल्याकडे एटीव्हीचे हलके काम दुचाकीने आणि जड काम ट्रॅक्टरने केले. म्हणूनच गिअरच्या निवडीचा भारतीय इतिहास दुचाकीतच शोधावा लागतो.

हातातील गिअर : स्कूटरचा काळ

इटलीत १९४६ मध्ये आलेल्या व्हेस्पा स्कूटरचा आराखडा कोर्राडिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने तयार केला. गिअर डाव्या मुठीत आणल्यामुळे पाय मोकळे राहिले, बूट खराब होईनात आणि समोर पाय ठेवण्यास सपाट जागा मिळाली. बजाज कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पिआजिओच्या सहकार्याने आकुर्डी येथे व्हेस्पाचे उत्पादन सुरू केले. सहकार्याचा करार संपल्यानंतर १९७२ मध्ये 'चेतक' आली. परवाना-पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती व नोंदणीनंतर ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. निवडीचा प्रश्न त्या काळी फारसा नव्हताच. जी गाडी मिळेल तिचा गिअर शिकून घ्यावा लागे.

मुठीत गिअर असलेल्या या गाडीने स्वतःची एक संस्कृती निर्माण केली. स्कूटर तिरकी करून मग किक मारणे, गिअरची वायर तुटेल म्हणून जादा वायर डिकीत ठेवणे, न्यूट्रल सापडत नाही म्हणून चौकात क्लच दाबून उभे राहणे, या सवयी एका पिढीच्या अंगवळणी पडल्या. शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी व डॉक्टर यांची ती ओळख झाली आणि लग्नातील देण्याघेण्यातही तिने स्थान मिळविले. मात्र लहान चाके व एका बाजूला असलेले इंजिन यांमुळे काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर ती अडचणीची ठरे. स्कूटर तालुक्याच्या गावापर्यंत आली, परंतु शेताच्या बांधापर्यंत फारशी गेली नाही. ही उणीव काही अंशी बजाजच्याच 'एम-८०' या गाडीने भरून काढली. मुठीतील गिअर कायम ठेवून मोपेडसारखा उघडा सांगाडा असलेली ही गाडी दूधवाले व छोटे व्यापारी यांनी आपलीशी केली.

बिनगिअरची पहिली लाट : लुना आणि कायनेटिक होंडा

१९७२ हे वर्ष या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. ज्या वर्षी चेतक आली त्याच वर्षी फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 'लुना' बाजारात आणली. पिआजिओच्या 'चाओ' या मोपेडवर आधारित असलेल्या ५० सीसीच्या या गाडीस क्लच नाही, गिअर नाही, आणि बंद पडली तर पायडल मारता येत असे. सायकल येत असलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नसे. लुनाने गिअर शिकण्याची अट काढून टाकली आणि त्याबरोबर दुचाकीच्या मालकीचे वर्तुळ मोठे केले. कमी पगाराचा कर्मचारी, निवृत्त गृहस्थ, महाविद्यालयीन विद्यार्थिनी हे प्रथमच चालक झाले.

पुढील टप्पा १९८४ च्या कायनेटिक व होंडा यांच्या संयुक्त कंपनीचा. 'कायनेटिक होंडा' या स्कूटरमध्ये पट्ट्याची स्वयंचलित पद्धत आणि बटणाने सुरू होण्याची सोय होती. शहरी मध्यमवर्गीय कुटुंबात पती-पत्नी दोघांनी एकच गाडी वापरणे यामुळे सुलभ झाले. बाजूला दोन जादा चाके लावून अशा बिनगिअर गाड्या दिव्यांग व्यक्तींसाठीही वापरल्या जाऊ लागल्या. ज्याच्या पायात बळ नाही त्याला पायाचा गिअर व किक या दोन्ही गोष्टी अडसर ठरतात. अशा व्यक्तीसाठी बिनगिअर गाडी म्हणजे स्वतः घराबाहेर पडण्याची शक्यता होती.

कायद्याच्या चौकटीतील गिअर

गिअर हा सामाजिक भेद कसा बनला याचा स्पष्ट पुरावा मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मिळतो. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम १० मध्ये अनुज्ञप्तीचे वर्ग दिले आहेत. त्यांतील पहिला वर्ग 'गिअर नसलेली मोटारसायकल' व दुसरा 'गिअर असलेली मोटारसायकल' हा आहे. म्हणजे गाडी किती शक्तीची आहे यापेक्षा चालकाला गिअर बदलता येतो की नाही हा निकष कायद्याने प्रथम मानला.

कलम ४ मधील वयाची तरतूद याहून बोलकी आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला गिअर नसलेली मोटारसायकल चालविण्याची मुभा मूळ कायद्यात होती. १९९४ च्या दुरुस्तीने 'गिअर नसलेली' हे शब्द काढून त्या जागी '५० सीसीपेक्षा अधिक क्षमता नसलेली' अशी शब्दरचना केली. प्रस्तुत लेखकाच्या मते या बदलामागील तर्क समजण्यासारखा आहे. लुनाच्या काळात बिनगिअर म्हणजे लहान व संथ गाडी असे समीकरण होते. कायनेटिक होंडासारख्या १०० सीसीच्या आसपासच्या गाड्यांनी ते मोडले. यंत्र बदलले तेव्हा कायद्याला आपला निकष बदलावा लागला. तथापि अनुज्ञप्तीच्या वर्गांत गिअरचा भेद कायम राहिला.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ हाही येथे लक्षात घ्यावा लागतो. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा अर्धा तरी भाग झाकणारे संरक्षक साधन या नियमाने आवश्यक ठरविले. व्यवहारात त्याला 'साडी गार्ड' म्हणतात. नियमात स्त्रीचा उल्लेख नाही. परंतु लोकांनी दिलेल्या नावातच स्त्रीची जागा मागची आहे ही समजूत दिसते. बिनगिअर स्कूटरने या समजुतीला धक्का दिला.

मोटारसायकल आणि शेतकऱ्याची निवड

शेतकऱ्याने मात्र वेगळी वाट धरली. त्याची आरंभीची गाडी 'राजदूत' किंवा 'जावा' ही होती. जावामध्ये गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटत असे. म्हणजे अर्धी स्वयंचलित व्यवस्था तिच्यात आधीच होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची 'सीडी १००' आली आणि चार स्ट्रोक इंजिनाच्या मायलेजने ग्रामीण हिशेबच बदलला. १९९४ मध्ये आलेल्या 'स्प्लेंडर'ने तो पक्का केला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस देशात मोटारसायकलची विक्री स्कूटरच्या पुढे गेली. याच काळात मराठवाड्यात वाळूज येथे १९८५ मध्ये सुरू झालेला बजाजचा कारखाना या भागातील तरुणांसाठी रोजगाराचे केंद्र ठरला. गाडी चालविणारा आणि गाडी जोडणारा हे दोघेही आता मराठवाड्याचेच होते.

पायाच्या गिअरची निवड शेतकऱ्याने का केली, याची कारणे यंत्राच्या कार्यात आहेत. पहिले कारण ओझ्याचे. वैरणीचा भारा किंवा दुधाचे कॅन घेऊन चढ चढताना पहिल्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवता येते. पट्ट्याची गाडी अशा वेळी फेऱ्या वाढविते, परंतु पट्टा घसरू लागला की जोर वाया जातो. दुसरे कारण चिखलाचे. मोठी चाके आणि चालकाच्या हातातील क्लच यांमुळे रुतलेली गाडी हलकेच ओढून काढता येते. 'हाफ क्लच'वर गाडी काढणे हे कौशल्य या परिसरातील प्रत्येक तरुणाला ठाऊक असते. तिसरे कारण उताराचे. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते. बिनगिअर गाडीत वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. चौथे कारण दुरुस्तीचे. क्लचप्लेट, साखळी व वायर या वस्तू लहान गावातही मिळतात व बदलता येतात.

याशिवाय एक बारीक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. परदेशी मोटारसायकलचा गिअर पायाच्या पुढच्या भागाने वर उचलावा लागतो, त्यासाठी बूट लागतो. भारतीय मोटारसायकलला टाचेनेही दाबता येईल असे दुहेरी पायडल दिले जाते. चप्पल घालणाऱ्या चालकासाठी केलेला हा फेरफार लहान आहे. परंतु ग्राहकाच्या पायातील पादत्राण यंत्राचा आकार ठरविते हे त्यातून सिद्ध होते.

तथापि 'ओझ्याला गिअरच हवा' हा सार्वत्रिक नियम नव्हे. १९८० मध्ये आलेल्या 'टीव्हीएस ५०' पासूनची मोपेडची परंपरा आजही 'एक्सएल' या गाडीत टिकून आहे. तिला गिअर नाही, पण पट्टाही नाही. आपोआप जुळणारा क्लच व साखळी एवढ्यावर ती वेग सोडून ओझे वाहते. वेगाची अपेक्षा कमी केली तर बिनगिअर गाडीही कष्टाची होते, हे हे उदाहरण दाखविते.

बिनगिअरची दुसरी लाट आणि स्त्रिया

२००१ मध्ये होंडाची 'ॲक्टिव्हा' आली आणि मोटारसायकलमागे पडलेली स्कूटर पुन्हा पुढे सरकली. २००९ मध्ये बजाजने मात्र स्कूटर व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. गिअरच्या स्कूटरचे युग महाराष्ट्रातील ज्या कंपनीने उभे केले, तिनेच ते संपविले.

वसमतसारख्या तालुक्याच्या ठिकाणी आज शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी, महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनी बिनगिअर स्कूटर चालविताना दिसतात. येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. 'बिनगिअर गाडी बायकांची' ही समजूत वरवर सोयीची वाटली तरी तिच्यात स्त्रीला यंत्र जमत नाही असा ग्रह दडलेला आहे. गिअर शिकण्यासाठी रिकामे मैदान, शिकविणारा सोबती, पडले तरी न हसणारे शेजारी आणि घरची गाडी हाताशी असणे या गोष्टी लागतात. मुलाला त्या सहज मिळतात, मुलीला मिळत नाहीत. जो फरक क्षमतेचा म्हणून सांगितला जातो तो प्रत्यक्षात संधीचा आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, बिनगिअर गाडीने संधीची ही अट वगळून मुलीला रस्त्यावर आणले, हे तिचे ऐतिहासिक कार्य नाकारता येणार नाही. जपानमधील उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९५८ च्या 'सुपर कब'मध्ये होंडाने आपोआप क्लच बसविला तो डाव्या हातात खाद्यपदार्थांचे तबक धरून जाणाऱ्या पुरुष कामगारांसाठी. तेथे ती कामाची सोय मानली गेली. आपल्याकडे तिच्यासारख्याच सोयीला दुबळेपणाचा शिक्का बसला.

विजेची गाडी : गिअरचा अंत?

विजेच्या मोटारीला शून्य वेगालाही पूर्ण जोर देता येतो व तिच्या फेऱ्यांची कक्षा मोठी असते. त्यामुळे बहुतेक विद्युत स्कूटरना गिअर बदलण्याची गरजच नसते. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'चेतक' विद्युत रूपात सादर झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'ई-लुना' आली. १९७२ मध्ये परस्परविरोधी वाटा दाखविणाऱ्या या दोन नावांमधील गिअरचा भेद आता संपला आहे.

म्हणून निवडीचा प्रश्न संपला असे म्हणता येत नाही. तो गिअरपेटीतून घरातील वीजजोडणीकडे सरकला आहे. शेतातील वीज ठराविक वेळीच मिळते, चार्जिंगची जागा घर पक्के आहे की नाही यावर अवलंबून असते, आणि बॅटरीची दुरुस्ती गावातील मिस्त्रीच्या हाती राहत नाही. पूर्वी 'गिअर येतो का?' असे विचारले जाई, आता 'चार्जिंगची सोय आहे का?' असे विचारावे लागते. पहिला प्रश्न कौशल्याचा होता, दुसरा साधनसंपत्तीचा आहे.

निष्कर्ष

१) हस्तचलित गिअरपासून स्वयंचलित व तेथून विद्युत अशी सरळ प्रगतीची रेषा या इतिहासात आढळत नाही. तिन्ही पद्धती वेगवेगळ्या गरजांनुसार एकाच काळी नांदल्या आहेत.
२) वसमत परिसरातील शेतकऱ्याने पायाच्या गिअरची मोटारसायकल निवडली ती परंपराप्रियतेमुळे नव्हे. काळी माती, ओझे, मायलेज आणि दुरुस्तीची सोय यांचा तो विचारपूर्वक केलेला हिशेब होता.
३) बिनगिअर वाहनांनी स्त्रिया, वृद्ध व दिव्यांग यांना चालकाचे स्थान मिळवून दिले. त्यास दुबळ्यांचे वाहन मानणे हे सामाजिक पूर्वग्रहाचे लक्षण आहे.
४) मोटार वाहन कायद्याने गिअरला अनुज्ञप्तीचा निकष मानले. १९९४ ची दुरुस्ती यंत्रातील बदलामागून कायदा कसा येतो याचे उदाहरण आहे.
५) विद्युत वाहनांमुळे विषमतेचे स्वरूप बदलण्याची शक्यता आहे. ग्रामीण भागात सार्वजनिक चार्जिंग व स्थानिक मिस्त्रींचे प्रशिक्षण यांकडे लक्ष न दिल्यास लुनाने मोठे केलेले वर्तुळ पुन्हा आकुंचन पावेल.

शेवटी एक अपेक्षा व्यक्त करावीशी वाटते. पायडल मारून लुना सुरू करणारी आणि स्कूटर तिरकी करणारी पिढी आज वृद्धत्वाकडे झुकली आहे. जुने गॅरेजचालक, पहिल्या स्त्री-चालक आणि दूधवाले यांच्या मुलाखती व गॅरेजच्या वह्या हे मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे मोलाचे साधन आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून हे साधन वेळीच संकलित केले, तर या निबंधातील निष्कर्ष तपासून पाहता येतील व गरज पडेल तेथे दुरुस्तही करता येतील.